बुडापेस्ट गाळू नका!
वर तुम्ही विचारलंय की प्राग-व्हिएन्ना तर ठरलंय, मग बुडापेस्ट गाळू का, तर अजिबात नका गाळू, व्हिएन्नाहून ट्रेनने तीन तासांच्या आत पोचता. व्हिएन्ना सुंदरच आहे हो, पण राजवाडे बघून बघून डोकं भणभणतं, शॉनब्रुन एक केला की बास. बुडापेस्टला १८९६ ची मेट्रो अजून चालू आहे, एम-१ लाईन, रस्त्यावरून थोड्याशा पायऱ्या उतरलं की लगेच फलाट, टाइल्सच्या भिंती, लोखंडी खांब, बुटके पिवळे डबे, आणि हीच गाडी थेट सेचेनीच्या गरम पाण्याच्या हौदांपाशी सोडते, स्विमसूट घेऊनच जा.

प्रागचं १४१० चं घड्याळ बघायला दर तासाला तुफान गर्दी. सांगाडा दोरी ओढून घंटा वाजवतो, वरच्या खिडक्यांतून येशूचे शिष्य सरकत जातात, शेवटी कोंबडा आरवतो की खेळ खलास, जेमतेम मिनिटभर, तेवढ्यात पाकीट सांभाळा. चार्ल्स ब्रिज मात्र सकाळी सातच्या आत गाठा, नंतर नुसते सेल्फीवाले.

आणि हो, युरो फक्त व्हिएन्नाला, प्रागला कोरुना आणि बुडापेस्टला फोरिंट. एटीएमने रुपयात कन्व्हर्ट करू का विचारलं तर सरळ नाही म्हणायचं, रेट फार वाईट लावतात.