शनिवारवाड्यावर बर्फ पाडून नक्की काय शिकतो आपण?

पेनटूल_पांडू
आमच्या फोटो ग्रुपवर दर आठवड्याला सगळ्यांना एकच मूळ फोटो आणि एक अट मिळते. या वेळी डिसेंबरातल्या दुपारचा शनिवारवाडा, समोरून दिल्ली दरवाजा. अट: फोटोशॉपमध्ये त्यावर बर्फ पाडा, बाहेरचा एकच फोटो वापरून. त्याखाली एका ज्येष्ठ सभासदांनी लिहिलं की ही चॅलेंजेस म्हणजे रिकामटेकडे उद्योग, शिकायचं तर गिऱ्हाइकाचं काम करा, आणि आता एआय एका ओळीत करून देतो तर मास्क रंगवत, म्हणजे फोटोचा कुठला भाग दिसेल आणि कुठला झाकेल ते हाताने ठरवत, कोण बसणार. त्याला पडलेले अंगठे बघून डोकं उठलं, म्हणून इथे लिहितोय.

साहेब, एंट्र्या उघडून तरी बघितल्यात का? निम्म्या लोकांनी दरवाज्यावर मस्त सोनेरी ऊन टाकलंय. दिल्ली दरवाज्याचं तोंड उत्तरेला. डिसेंबरात सूर्य दिवसभर दक्षिणेकडून जातो, त्या भिंतीला ऊन शिवतही नाही. मूळ फोटोत दरवाजा सावलीत आणि वर निळं आकाश, म्हणजे तिथला बर्फ निळसर दिसला पाहिजे. लोकांनी नीळ न घातलेल्या धोतरासारखा पांढराफटक केलाय. झाडं कापताना पानांभोवती जुन्या आकाशाची किनार तशीच राहिलीय. वाडा मोबाइलने काढलेला, बर्फ चांगल्या कॅमेऱ्याचा, त्यामुळे एका फोटोत बारीक ठिपक्यांचा दाणा जाड आणि दुसरा गुळगुळीत. हे डोळ्यांना खुपायला लागणं म्हणजेच सराव. गिऱ्हाइक यातलं काय सांगतं? 'जरा उठाव द्या' म्हणतं आणि चहा मागवतं.

जनरेटिव्ह फिल, म्हणजे फोटोशॉपमधलं ते एआय, २०२३ पासून आहे, मीही वापरतो. पण त्याने टाकलेली सावली उलट्या बाजूला पडलीय हे ओळखायचं कुणी?

फ्लेक्सवाला_सांगली
पांडूशेठ, भाषण झकास. आता दुकानात या. रात्री साडेदहाला फोन येतो, सकाळी सहाला बॅनर चौकात पाहिजे. नेत्याचा फोटो व्हॉट्सअॅपवरून आलेला, मागे लग्नाच्या मंडपाचा झिरमिळ्यांचा पडदा, केस आणि पडदा एकाच रंगाचे. खाली शुभेच्छुकांची रांग, प्रत्येकाचा फोटो वेगळ्या उजेडातला, एकजण गॉगल लावून. कुणाचं डोकं कुणापेक्षा तसूभरही मोठं दिसता कामा नये, नाहीतर सकाळी दुकानावर माणसं. हे चॅलेंज. तुमच्या बर्फात चूक झाली तर कोण दारात येतं?

कट्ट्यावरचा
म्हणजे पुण्यात बर्फ पडलेला चालतो, पण दरवाज्यावर ऊन चालत नाही? वा! 😄

पेनटूल_पांडू
@कट्ट्यावरचा, हो, तसंच. एक खोटं पटवायचं तर बाकी सगळं खरं लागतं. @फ्लेक्सवाला, डोकी मापात बसवणं अवघड आहे, नाही कोण म्हणतंय? पण मंडपाच्या पिवळ्या दिव्यातला चेहरा आणि भर उन्हातला चेहरा शेजारी लावताना रंग जुळवता का तुम्ही? की सगळ्यांना तोच गोरा करणारा फिल्टर?

फ्लेक्सवाला_सांगली
गोरं केलं नाही तर पैसे कोण देणार, तुम्ही?

डेस्कवरची
मला या चॅलेंजचा राग वेगळ्या कारणाने येतो. मी वर्तमानपत्रात फोटो बघते. तुम्ही ज्याला 'पटणारं खोटं' म्हणताय ते पकडण्यात आमची संध्याकाळ जाते. २०१५ च्या डिसेंबरात चेन्नईच्या पुराच्या वेळी पीआयबीने, म्हणजे केंद्र सरकारच्या प्रसिद्धी खात्याने, पंतप्रधानांचा विमानाच्या खिडकीतून पाहणी करतानाचा फोटो टाकला होता. खिडकीत दुसरंच दृश्य चिकटवलेलं, मग काढावा लागला. त्याआधी १९८२ च्या फेब्रुवारीत नॅशनल जिओग्राफिकने उभ्या मुखपृष्ठात बसावेत म्हणून गिझाचे पिरॅमिड जवळ सरकवले. सराव करा, पण कशाचा करताय ते बघा.

जुनी_निगेटिव्ह
ताई, हा वाद फोटोशॉपच्या जन्माआधीचा आहे. रेलँडर नावाच्या छायाचित्रकाराने १८५७ साली तिसाहून जास्त निगेटिव्ह जोडून एकच भलंमोठं चित्र छापलं होतं. तेव्हाही लोक खवळले, आणि व्हिक्टोरिया राणीने त्याची प्रत विकत घेतली. उलट आमच्याकडे माझ्या पुतणीने आठवडाभर एका चॅलेंजवर घालवला, आता तिला कुणीही फॉरवर्ड दाखवा, पहिलं बोट सावलीवर जातं. चोऱ्या कशा होतात हे कळलेला माणूसच कुलूप नीट लावतो.

डेस्कवरची
सगळ्यांच्या पुतण्या इतक्या गुणी नसतात, पण ठीक. सावलीचा मुद्दा घेतला. इतकंच घेतला.

नागरिक_४११०३०
फ्लेक्सवाल्यांनी इथे कौशल्याच्या गप्पा मारणं म्हणजे कहर आहे. उच्च न्यायालयाने २०१७ सालीच बेकायदा फलकांबद्दल बजावून सांगितलं, तरी आमच्या चौकात सिग्नल झाकून वाढदिवस उभे. परवा एक दोरी तुटून स्कूटरवर पडला. माझ्याच.

फ्लेक्सवाला_सांगली
छपाई करणारा मी, लावणारा दुसरा, परवानगी देणारा तिसरा. सिग्नल झाकला तो मी? मग कागद बनवणाऱ्यालाही पकडा.

नागरिक_४११०३०
नेहमीचं रडगाणं. खाली कोपऱ्यात डिझायनरचं नाव आणि मोबाइल नंबर मात्र ठळक असतो!

फ्लेक्सवाला_सांगली
तो नसेल तर पुढचं काम कसं येईल? तुमची नोकरी महिन्याच्या महिन्याला पगार देते, म्हणून नीतिमत्ता परवडते.

कट्ट्यावरचा
मला सिग्नलपेक्षा त्यावरच्या मराठीचा जास्त त्रास होतो. 'हार्दिक शुभेच्छा' मध्ये ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या पलीकडे जाऊन बसलेली, र्द सुटा. एवढे फोटो जोडता येतात, दोन शब्द जोडता येत नाहीत?

पेनटूल_पांडू
अगदी. पुढच्या चॅलेंजची अटच करा, फलकावर एक ओळ शुद्ध मराठी. निम्मे बाद होतील.

फ्लेक्सवाला_सांगली
आता हसू आलं. अहो, मी कोरलमध्ये, म्हणजे आमच्या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये, श्रीलिपी या जुन्या मराठी फाँटमध्ये टाइप करतो, तिथे सगळं जागच्या जागी असतं. तुम्ही फोटोशॉपवाले मजकूर युनिकोडमधून, म्हणजे मोबाइल-इंटरनेटवरच्या टायपिंगमधून, चिकटवता आणि वेलांटी उडते. दोष कुणाचा?

जुनी_निगेटिव्ह
दोष सेटिंगचा. फोटोशॉप थोडं जुनं असेल तर प्रेफरन्सेसमध्ये टाइपखाली मिडल ईस्टर्न अँड साउथ एशियन निवडायचं, मग पॅराग्राफ पॅनेलच्या मेनूत वर्ल्ड-रेडी लेआउट. वेलांटी परत येते. आणि श्रीलिपीतला मजकूर दुसऱ्याच्या मशीनवर उघडा एकदा, भलतीच अक्षरं दिसतील.

फ्लेक्सवाला_सांगली
म्हणून तर आम्ही अक्षरं कर्व्ह करून, म्हणजे त्यांचं चित्र करून पाठवतो. हे तुमच्या चॅलेंजमध्ये शिकवतात का?

पेनटूल_पांडू
नाही शिकवत, आणि शिकवायला पाहिजे. झालं समाधान? आता तुम्ही पण एकदा बर्फ पाडा. सांगलीच्या आयर्विन पुलावर चालेल. एक जादा फोटो, बाकी हातानं.

फ्लेक्सवाला_सांगली
दोन वाढदिवस आणि एक श्रद्धांजली आहे उद्या. ते संपलं की बघू. पुलाखाली पाणी ठेवायचं की गोठवायचं?

पेनटूल_पांडू
पाणी ठेवलंत तर पुलाचं प्रतिबिंबही बर्फाचं लागेल. कमानींची खालची बाजू मात्र कोरी ठेवा, तिथे बर्फ साचत नाही.

नागरिक_४११०३०
आणि पुलावर कुणाचा फोटो टाकू नका.