जुनी शेतीयंत्रे : विलायती इंजिनांच्या आधीचे पान

जुनी शेतीयंत्रे जपण्याच्या आपल्याकडील छंदाचा इतिहास विलायती ऑइल इंजिनांपासून सुरू होतो, असे एक म्हणणे आहे; इंजिनांपुरते ते मान्य आहे. मात्र यंत्र म्हणजे केवळ इंजिन नव्हे. लक्ष्मणराव किर्लोस्करांचा लोखंडी नांगर १९०३ सालचा. लोखंडाने जमीन नासते या समजुतीमुळे तो सुरुवातीला खपत नव्हता. पुढे १९१० मध्ये कुंडलजवळच्या माळावर किर्लोस्करवाडी ही त्यांची कारखाना-वसाहत उभी राहिली आणि पहिल्या महायुद्धात लोखंडाची टंचाई झाली, तेव्हा राजर्षी शाहू महाराजांनी करवीर (कोल्हापूर) संस्थानातील जुन्या तोफा नांगरांसाठी वितळवायला दिल्या. इंजिनांच्या आधीची ही गोष्ट म्हणून मुद्दाम नोंदवतो.

आमच्या गुऱ्हाळघरामागे बैलांनी ओढायचा, तीन उभ्या लाटांचा (रुळांचा) ऊस गाळायचा लोखंडी चरक कित्येक वर्षे पडून होता. इंजिन आल्यावर आडव्या लाटांचा घाणा बसला आणि जुन्याला कोणी वाली उरला नाही. भंगारवाला तो वजनावर न्यायला आला, त्या दिवशी वडिलांनी त्याला परत पाठवले. रॉकेल आणि काथ्याने चार दिवस घासल्यावर बिडाच्या अंगावरची ओतीव अक्षरे हळूहळू दिसू लागली. प्रदर्शनासाठी अशा यंत्रांवर लालभडक रंगाचे थर चढवण्याची हौस मला म्हणूनच पटत नाही, कारण कागदपत्रे हरवलेल्या यंत्राचे मूळ सांगणारा पुरावा बहुधा त्या अक्षरांतच असतो आणि जाड रंगाखाली नेमका तोच बुजतो.