हेलिकॉप्टरचे इंजिन हवेत बंद पडले तर काय होते?

प्रश्न (जुळे सोलापूर):
नमस्कार. माझे आईवडील यंदा केदारनाथला जाणार असून वडिलांच्या गुडघेदुखीमुळे शेवटचा टप्पा हेलिकॉप्टरने करण्याचे ठरत आहे. देखभालीतील हयगयीमुळे इंजिन बंद पडून हेलिकॉप्टर तातडीने उतरवावे लागल्याची बातमी वाचल्यापासून आई धास्तावली आहे. इंजिन थांबले की हेलिकॉप्टर दगडासारखे कोसळते, हे खरे आहे का?

उत्तर (निवृत्त विमान तंत्रज्ञ, होटगी रोड):
तसे होत नाही. इंजिन थांबताच ते रोटरपासून, म्हणजे डोक्यावरच्या फिरत्या पात्यांपासून, आपोआप सुटे होते, आणि वैमानिकाने एकदोन सेकंदांत कलेक्टिव्हचा (सर्व पात्यांचा तिरपेपणा एकदम कमीजास्त करणारा) दांडा खाली केला तर खालून येणाऱ्या हवेच्या झोतावर पाती फिरत राहतात. यालाच ऑटोरोटेशन म्हणतात. जमीन जवळ आली की नाक वर उचलून वेग मोडायचा आणि पात्यांत साठलेल्या गतीच्या बळावर उतरायचे, हे प्रत्येक वैमानिकाकडून घोटून घेतलेले असते. मात्र उंची आणि वेग दोन्ही कमी असतील, किंवा खाली नुसती दरीच असेल, तर ही विद्या अपुरी पडते.

इंजिन बहुधा आधी सूचना देते. तेलाच्या मार्गात चुंबकी प्लग असतो. त्याला धातूचा कीस चिकटला की वैमानिकासमोर दिवा लागतो. कीस कुठल्या भागाचा आहे याचा छडा न लावता प्लग नुसता पुसून परत बसवणे, ही माझ्या मते सर्वांत घातक हयगय होय.

उत्तर (अक्कलकोट रोड):
माझी मुलगी विमान देखभाल अभियांत्रिकी शिकते. तिच्याकडून कळलेले एक उदाहरण मनातून जात नाही. ७ डिसेंबर २०११ रोजी अमेरिकेत लास व्हेगासजवळ पर्यटकांचे एक हेलिकॉप्टर कोसळून पाचही जण दगावले. इंजिनाचा दोष नव्हता. आदल्याच दिवशी झालेल्या देखभालीत झिजलेला नट पुन्हा वापरला गेला होता आणि त्याची खीळ बहुधा बसवलीच नव्हती. त्यामुळे नियंत्रणाचा दांडा सुटला. तपासात कामगारांच्या थकव्याचाही उल्लेख झाला. इथे ऑटोरोटेशनही वाचवू शकत नव्हते.

प्रश्नकर्ता:
आभारी आहे. प्रवासी म्हणून आम्ही काय करू शकतो?

उत्तर (निवृत्त विमान तंत्रज्ञ):
देखभालीच्या नोंदी प्रवाशाला दाखवत नाहीत. परंतु केदारनाथ सुमारे ३,५८० मीटर उंचीवर असल्याने तिथली हवा विरळ असते आणि इंजिनाची राखीव ताकद घटते. म्हणून दोघांचे व सामानाचे वजन अचूक सांगावे. तांत्रिक कारणाने फेरी रद्द झाली, तर हुज्जत न घालता थांबावे.