ऑक्सिजनचं गणित जुळतं, कार्बन डायऑक्साइडचं का नाही?

मोलभाव:
वर्कशॉपमध्ये दोन सिलिंडर आहेत, दोन्हींची पाणी-क्षमता (आतली जागा) ४६.७ लिटर, तापमान २७ अंश. ऑक्सिजनच्या गेजवर १५० बार. आदर्श वायूचं सूत्र पीव्ही = एनआरटी (दाब × आकारमान = मोल × वायू-स्थिरांक × केल्विन तापमान) लावलं, दाबात गेजचे १५० अधिक वातावरणाचा १ धरून: १५१ × ४६.७ ÷ (०.०८३१४ × ३००) = २८३ मोल, म्हणजे ९ किलो. वजनकाट्यावर साडेनऊ, ठीक आहे. कार्बन डायऑक्साइडच्या गेजवर ६६ बार. त्याच सूत्राने १२५ मोल, साडेपाच किलो. पण आत ३० किलो भरलेला आहे आणि वजनकाटाही तेच सांगतो. गेज बिघडलंय का?

उष्मागतिक:
गेज ठीक आहे, सूत्र चुकीच्या जागी लावलंय. ऑक्सिजनचं क्रांतिक तापमान (ज्याच्या वर वायू नुसत्या दाबाने द्रव होत नाही ते) उणे ११८.६ अंश, त्यामुळे खोलीच्या तापमानाला कितीही दाबला तरी तो द्रव होत नाही. कार्बन डायऑक्साइडचं ३१ अंश. २७ अंशांना ६७ बारच्या आसपास तो द्रव व्हायला लागतो आणि तुमचं गेज (६६ अधिक वातावरणाचा १) नेमका तोच बाष्पदाब, म्हणजे द्रवावरच्या वायूचा दाब, दाखवतंय. आत साधारण ४२.५ लिटर द्रव आहे (घनता लिटरला ६७९ ग्रॅम) आणि वर जेमतेम सव्वाचार लिटर वायू. रेणूंमध्ये आकर्षण नाही असं ज्या मॉडेलमध्ये आधीच ठरलंय, त्यात द्रव बनायला वावच नाही.

बरं, फक्त वरचा वायू घेतला तरी सूत्र हुकतं. त्याने लिटरला ११८ ग्रॅम येतात, प्रत्यक्षात २६९ असतात.

मोलभाव:
मग ऑक्सिजनच्या हिशेबातला अर्धा किलो कुठे गेला?

शून्य_केल्विन:
तो संपीड्यता गुणांकाचा, म्हणजे झेडचा; खरा वायू आदर्श सूत्रापासून किती ढळतो ते हा सांगतो. पीव्ही = झेड × एनआरटी. ऑक्सिजनसाठी ३०० केल्विन आणि १५० बारला झेड ०.९५ च्या जवळ आहे. ९.०५ ला त्याने भागा, साडेनऊ येतील. इथे रेणूंची ओढ वरचढ आहे, म्हणून त्याच दाबाला जास्त माल मावतो. हायड्रोजनचं उलट: २०० बारला झेड १.१२ च्या आसपास, कारण तिथे ओढ नगण्य आणि रेणूंनी अडवलेली जागा भारी पडते. आदर्श सूत्राने हायड्रोजन मोजलात तर कागदावर असलेला माल सिलिंडरात सापडणार नाही.

गेजवाला:
कामापुरतं सांगतो. कार्बन डायऑक्साइड, नायट्रस ऑक्साइड, एलपीजी हे वजनावर मोजायचे. सिलिंडरच्या खांद्यावर ठोकलेलं रिकामं वजन बघा, वजनकाट्यावरच्या आकड्यातून वजा करा. टोपी चढवून तोलताय की काढून, तेवढं लक्षात ठेवा. कार्बन डायऑक्साइडच्या गेजचा काटा द्रव संपेपर्यंत जागचा हलत नाही. २७ अंशांना तो घसरायला लागतो तेव्हा आत १२.५ किलो उरलेला असतो. मात्र वायू भराभर ओढला की सिलिंडर थंड पडून काटा आधीच खाली येतो, थोडं थांबलात की परत चढतो.

ऑक्सिजनला गेज चालतं, पण भरल्याभरल्या वाचू नका. भरताना वायू तापतो. ४५ अंशांना १५० दाखवणारा सिलिंडर २७ वर आला की १४० च्या आसपास दाखवेल. भरणाऱ्याने फसवलं म्हणून भांडायला जाण्याआधी सिलिंडरला हात लावून बघा.

आणि तुम्ही गेजच्या आकड्यात १ मिळवलात ते बरोबर, कारण गेज वातावरणाच्या वरचाच दाब दाखवतं. १५० बारला त्याने फारसा फरक पडत नाही, पण अर्ध्या बारच्या लाइनवर विसरलात तर उत्तर तिप्पट चुकेल.

मोलभाव:
उन्हाळ्यात ४० अंशांना तर द्रव राहणारच नाही. तेव्हा सूत्र चालेल?

उष्मागतिक:
नाही. द्रव नसला तरी सिलिंडरभरची सरासरी घनता तीच, लिटरला ६४२ ग्रॅम (३० किलो ÷ ४६.७ लिटर), म्हणजे रेणू खेटून बसलेले. आदर्श सूत्र ३८० बार सांगतं, प्रत्यक्षात १०० च्या थोडं वर असतो. रेणूंची ओढ आणि जागा दोन्ही धरणारं व्हॅन डर वाल्सचं १८७३ चं समीकरण २३० देतं. दिशा बरोबर, आकडा निरुपयोगी. इथे प्रयोगांवर बेतलेली कोष्टकंच उघडावी लागतात. म्हणून भरण्याची मर्यादाही दाबात नाही, किलोत दिलेली असते. वर चार किलो जास्त कोंबले तर उन्हात दाब झपाट्याने चढतो आणि सुरक्षा-चकती फुटते.

रेग्युलेटरच्या (दाब उतरवणाऱ्या झडपेच्या) पलीकडे, वातावरणाच्या दाबाला, तुमचं सूत्र बिनधास्त वापरा: ३० किलो म्हणजे ६८२ मोल, २७ अंशांना १६.८ घनमीटर. चूक अर्ध्या टक्क्याच्या आसपास.

शून्य_केल्विन:
त्या रेग्युलेटरवर बर्फ का धरतो, हे मात्र त्या सूत्राला विचारू नका. आदर्श वायू झडपेतून दाब उतरवून सोडला तर त्याचं तापमान तसूभरही बदलत नाही. कार्बन डायऑक्साइड रेणूंची ओढ तोडत पसरतो आणि गारठतो, म्हणून वेल्डिंगवाले त्याच्या रेग्युलेटरला हीटर लावतात.