मदत हवी आहे : डोळ्याच्या पडद्याची शस्त्रक्रिया जनआरोग्य योजनेतून करणारे मराठवाड्यातील रुग्णालय

नमस्कार. माझ्या आईच्या डोळ्याच्या पडद्याची शस्त्रक्रिया महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेतून होईल असे रुग्णालय मराठवाड्यात सध्या कोठे आहे, याची खात्रीची माहिती हवी आहे. आम्ही परभणी जिल्ह्यातील गंगाखेड तालुक्यातले. शिधापत्रिका केशरी आहे. आईचे वय ६४ असून तिला बरीच वर्षे मधुमेह आहे.

दिवाळीनंतर तिला उजव्या डोळ्यासमोर काळी जाळी तरंगताना दिसू लागली आणि पुढे एके सकाळी त्या डोळ्याने तांबूस धूर भरल्यासारखे दिसू लागले. भाकरी ती अजूनही सवयीने नीट थापते. मात्र तव्यावर टाकलेल्या भाकरीला पाणी लावताना कड कळत नाही आणि बोटे भाजतात. तरीही चूल सोडायला ती तयार नाही.

परभणीतील नेत्रतज्ज्ञांनी थेंब टाकून, बाहुली मोठी करून तपासले. रक्तामुळे पडदा दिसेना म्हणून बी-स्कॅन, म्हणजे डोळ्याची सोनोग्राफी, केली. मधुमेहाने पडद्यावर तयार झालेल्या नाजूक रक्तवाहिन्या फुटून डोळ्यात रक्त उतरले आहे, ते आपोआप विरले नाही तर विट्रेक्टॉमी, म्हणजे डोळ्याच्या आतला रक्ताळलेला जेलीसारखा भाग काढण्याची शस्त्रक्रिया, करावी लागेल आणि डाव्या डोळ्याला आताच लेझर घ्यावे, असे त्यांनी सांगितले. फार दिवस घालवले तर पडदा ओढला जाऊन सुटण्याची भीती आहे, हेही त्यांनी स्पष्ट केले. ते योजनेत नाहीत, पण त्यांनी चिठ्ठी व्यवस्थित लिहून दिली आहे.

मोतीबिंदू असता तर मी हा धागा काढला नसता. राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रम १९७६ पासून चालू आहे, मोतीबिंदूच्या शस्त्रक्रिया जिल्हा रुग्णालयांत आणि शिबिरांतून मोफत होतात, आणि त्याची वाट आमच्याकडे वस्तीवरच्या म्हाताऱ्या माणसांनाही माहीत असते. पडद्याच्या आजाराचे तसे नाही. त्याला वेगळा तज्ज्ञ लागतो, वेगळी यंत्रे लागतात, आणि योजनेच्या अंगीकृत (योजनेत सामील) रुग्णालयांच्या यादीत ‘नेत्ररोग’ असे लिहिलेले असले तरी तेथे पडद्याचे डॉक्टर आहेत की केवळ मोतीबिंदूचे काम होते, हे त्या यादीवरून कळत नाही. माझी सगळी अडचण येथेच आहे.

एका खासगी रुग्णालयात आम्ही याच यादीच्या भरवशावर गेलो. तेथे आरोग्यमित्रांनी, म्हणजे योजनेच्या रुग्णालयातील मदतनिसांनी, कागदपत्रे पाहिली, नोंदणी होईल असेही सांगितले. परंतु नंतर आतून निरोप आला की पडद्याचे सर्जन ठरावीक दिवशी बाहेरगावाहून येतात आणि त्यांची शस्त्रक्रिया योजनेत बसत नाही, रोख भरावे लागेल. त्यांनी सांगितलेली रक्कम आमच्या सोयाबीनच्या हंगामातून निघणारी नाही. ज्या उपचाराचे नाव योजनेत आहे, तो अंगीकृत रुग्णालयात रुग्णाला रोखीने घ्यावा लागावा, हे मला योग्य वाटत नाही. पण तक्रारीच्या मागे लागण्याआधी आईचा डोळा वाचवायचा आहे.

योजनेविषयी जे समजले आहे ते लिहितो, म्हणजे उत्तर देणाऱ्यांचा वेळ वाचेल. आता कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण आहे आणि पिवळी, केशरी, पांढरी अशा सर्व शिधापत्रिकांना ते लागू आहे. बाह्यरुग्ण तपासणी आणि चष्मा त्यात येत नाही. ठरलेला उपचार असेल तरच रुग्णालय ऑनलाइन पूर्वपरवानगी मागते आणि ती आल्यावर पैसे न भरता काम होते. वडील सत्तरीच्या पुढचे असल्यामुळे त्यांचे आयुष्मान वय वंदना कार्ड निघाले आहे, पण ते ज्याचे त्याच्यापुरतेच असल्याने आईला त्याचा उपयोग नाही. योजनेच्या १५५३८८ या मदत क्रमांकावर विचारले असता जवळच्या अंगीकृत रुग्णालयांची नावे मिळाली. पडद्याचे डॉक्टर कोठे आहेत, हे त्यांना सांगता आले नाही.

आता नेमके विचारायचे ते असे. आम्हाला परळीमार्गे अंबाजोगाईचे स्वामी रामानंद तीर्थ वैद्यकीय महाविद्यालय सर्वांत सोयीचे आहे. तेथे विट्रेक्टॉमी होते का, की ते पुढे घाटीला, म्हणजे छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय रुग्णालयातच, पाठवतात? घाटीत जायचेच असेल, तर केसपेपर काढल्यापासून शस्त्रक्रियेची तारीख मिळेपर्यंत साधारण किती काळ जातो? जालन्याचे श्री गणपती नेत्रालय डोळ्यांसाठी नावाजलेले आहे. तेथे पडद्याचे काम सध्या या योजनेतून केले जाते का? नांदेड किंवा लातूरच्या शासकीय महाविद्यालयांचा कोणाला अलीकडचा अनुभव असल्यास तोही कळवावा.

लेझर बहुधा एका बैठकीत पुरे होत नाही. प्रत्येक बैठकीला वेगळी पूर्वपरवानगी लागते का, आणि डोळ्यात देण्याचे इंजेक्शन लागले तर ते योजनेतून मिळते की बाहेरून आणावे लागते?

कागदपत्रांचाही एक पेच आहे. आधारवर आईच्या नावाला ‘बाई’ जोडलेले आहे, शिधापत्रिकेवर ते नाही. एवढ्याशा फरकाने नोंदणी अडते, असे एकाने सांगितले, तर दुसऱ्याने आरोग्यमित्र ते सांभाळून घेतात असे सांगितले. तहसीलमध्ये दुरुस्तीला दिले तर किती दिवस जातील याचा भरवसा नाही, म्हणून ज्यांनी या अडचणीतून मार्ग काढला आहे त्यांनी तो जरूर सांगावा.

डोळ्यात वायू भरल्यास शस्त्रक्रियेनंतर काही दिवस मान खाली घालून राहावे लागते, असे डॉक्टरांनी सांगितले आहे. त्या अवस्थेत तिला एसटीने गंगाखेडला आणणे मला धोक्याचे वाटते. घाटी किंवा अंबाजोगाईच्या रुग्णालयाजवळ नातेवाइकासह चार-आठ दिवस राहता येईल अशी धर्मशाळा किंवा स्वस्त खोली आहे का?

ज्यांच्या घरी हे काम योजनेतून झाले आहे, त्यांनी रुग्णालयाचे नाव, साधारण कधी झाले आणि योजनेव्यतिरिक्त खिशातून काय द्यावे लागले, एवढे लिहिले तरी फार मदत होईल. ऐकीव माहितीही चालेल, फक्त ती ऐकीव आहे असा उल्लेख करावा, म्हणजे आईला घेऊन निघण्यापूर्वी मी फोनवरून खात्री करून घेईन.