पोर्टफोलिओतला एकच पुरावा दोन विषयांना चालतो का?

मदत हवी आहे. गोदामात नऊ वर्षं काम केलेल्या विद्यार्थ्याचा पोर्टफोलिओ (कामातून जे शिकला त्याचे पुरावे, विषय न करता त्याचं क्रेडिट मिळावं म्हणून) तपासायला आलाय. विषय दोन: 'साठा नियंत्रण' आणि 'पुरवठा साखळी', प्रत्येकी 3 क्रेडिट. क्रेडिट वर्षांना नाही, शिकण्याला द्यायचं, म्हणून प्रत्येक अध्ययन निष्पत्तीसमोर (विषय शिकून काय यायला हवं ते) पुरावा लावून पाहिला. साठामोजणीचे तक्ते आणि त्याने स्वतः लिहिलेली कार्यपद्धती भक्कम आहेत. वरिष्ठांचं पत्र मात्र 'मेहनती व प्रामाणिक' एवढंच. काय येतं याबद्दल अवाक्षर नाही. (अशी पत्रं नेहमीचीच.) ते परत पाठवलंय.

अडकलोय ते इथे. फेरमागणी पातळीचा (साठा किती उरला की नवा माल मागवायचा) तोच तक्ता दोन्ही विषयांत जोडलाय. माझ्या मते एका शिकण्याचं क्रेडिट दोनदा देता येत नाही, पण सहपरीक्षक म्हणतात, निष्पत्ती वेगळी असेल तर चालेल. तुम्ही काय करता?

शिवाय, रोजचा खप × माल यायला लागणारे दिवस + राखीव साठा हे त्या पातळीचं गणित तो अचूक मांडतो, पण हंगामी मागणीत ते का फसतं यावर एक ओळ नाही. एवढ्यासाठी वीस मिनिटांची तोंडी पुरे, की लेखी परीक्षाच घ्यावी? 3 पैकी 2 क्रेडिट द्यायला मन धजत नाही. उरलेल्या एकासाठी त्याला अख्खा विषय करावा लागेल.