आत्याच्या नावावरचे शेअर आणि जुनी ठेव : शोध घेणाऱ्या संस्थेशी करार करावा का?

रामबागवाली (इंदूर)

सर्वांना नमस्कार. प्रश्न थोडा लांब आहे, पण संदर्भ दिल्याशिवाय विचारता येणार नाही.

माझी आत्या इंदूरमधल्या एका शाळेत गणित शिकवत असे. तिने लग्न केले नाही. रामबागेतल्या जुन्या घरात ती एकटीच राहत असे आणि २००९ साली वारली. तेव्हा तिचे सामान आम्ही एका लोखंडी पेटीत भरून माळ्यावर ठेवले आणि खरे सांगायचे तर विसरून गेलो. गेल्या महिन्यात मुंबईच्या एका संस्थेचे पत्र आले. आत्याच्या नावावर एका मोठ्या कंपनीचे शेअर असून ते सरकारी निधीत जमा झाले आहेत, तुम्ही करारावर आणि मुखत्यारपत्रावर सही केल्यास ते आम्ही सोडवून देऊ, मोबदला शेअरांच्या बाजारभावाच्या २० टक्के आणि त्यातला काही भाग आम्ही धर्मादाय कामाला देतो, असा मजकूर होता. कंपनीचे नाव मात्र दिले नव्हते.

पत्र वाचून आम्ही पेटी उघडली. शेअरचे दाखले तिच्यात होतेच, शिवाय ‘स्टेट बँक ऑफ इंदौर’चे एक पासबुक, मुदत ठेवीची एक पावती आणि आत्याने माझ्या वडिलांना लिहिलेले एक आंतर्देशीय पत्रही होते. त्यात शेवटी एकच ओळ आहे की, माझ्यामागे काही उरले तर ते गरजू मुलींच्या फीसाठी लावावे. ही ओळ वाचल्यापासून मला स्वस्थता नाही.

वडील २०१५ मध्ये गेले, काका त्याच्या बरेच आधी, २००३ मध्ये. म्हणजे आता वारस आम्ही तिघेच, मी, माझा भाऊ आणि कॅनडात असलेला चुलतभाऊ. संस्थेशी करार करावा, की हे काम आपले आपण होते? आणि आत्याची इच्छा कायद्याने पुरी करता येते का?

पासबुकवाले काका (निवृत्त, बँक सेवा)

ताई, करारावर सही करू नका, निदान इतक्यात तरी नको. मी बँकेपुरते सांगतो, शेअरांचे जाणकार बोलतील.

‘बँक ऑफ इंदौर’ १९२० साली होळकर संस्थानात सुरू झाली, १९६० च्या सुमारास ती स्टेट बँकेची सहयोगी झाली आणि ऑगस्ट २०१० मध्ये भारतीय स्टेट बँकेत विलीन झाली. म्हणून तुमच्या पासबुकावरची बँक आज नावाने अस्तित्वात नसली, तरी तिचे देणे स्टेट बँकेकडे आलेले आहे. जुनी शाखा बंद झाली असेल, तर ती कोणत्या शाखेत मिसळली हे कोणत्याही जवळच्या शाखेत कळते.

दहा वर्षे व्यवहार न झालेल्या खात्यातली आणि दहा वर्षे कोणी न मागितलेल्या ठेवीतली रक्कम बँक रिझर्व्ह बँकेच्या ठेवीदार शिक्षण व जागरूकता निधीत भरते. हा निधी २०१४ पासून आहे, आणि ३१ मार्च २०२४ रोजी त्यात ७८,२१३ कोटी रुपये होते. लोक ‘सरकारजमा झाले’ म्हणून कपाळाला हात लावतात, ते चूक आहे. ठेवीदाराचा किंवा वारसाचा हक्क कायम राहतो, त्याला मुदत नाही, आणि दावा रिझर्व्ह बँकेकडे नव्हे तर आपल्या बँकेकडेच करायचा असतो. बँक आधी तुम्हाला पैसे देते आणि मग ते निधीतून मागून घेते. व्याज देणारी ठेव असेल तर निधीत गेल्यानंतरही व्याज मिळते, मात्र ११ मे २०२१ पासून ते सालिना ३ टक्के सरळ व्याज आहे, म्हणजे उशीर करण्यात आपलाच तोटा आहे.

शोधण्यासाठी रिझर्व्ह बँकेचे ‘उद्गम’ हे संकेतस्थळ आहे, ऑगस्ट २०२३ पासून. नाव आणि पॅन, मतदार ओळखपत्र किंवा जन्मतारीख यांपैकी काहीतरी घालून एकाच वेळी अनेक बँकांत शोधता येते. खाते निघाले तर एक संदर्भ क्रमांक मिळतो, तो घेऊन शाखेत जायचे. एक अनुभवाची गोष्ट सांगतो. मराठी आडनावे इंग्रजीत लिहिताना आपल्या इंदुरात हिंदी वळणाने लिहिली जात, आणि अविवाहित बाईच्या नावापुढे कधी ‘कुमारी’, कधी वडिलांचे नाव, कधी काहीच नाही. पहिल्या शोधात काही दिसले नाही म्हणून परत फिरू नका, चार-पाच स्पेलिंगे करून पाहा.

रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०२५ मध्ये मृत खातेदारांच्या दाव्यांसाठी नवे निर्देश काढले आहेत. नामनिर्देशन नसेल आणि वारसांत वाद नसेल, तर व्यापारी बँकेत १५ लाखांपर्यंतच्या दाव्याला न्यायालयाचे प्रमाणपत्र मागता येत नाही (सहकारी बँकेत ही मर्यादा ५ लाख आहे), आणि सगळे कागद मिळाल्यापासून १५ दिवसांत दावा निकाली काढायचा असतो. मूळ पावती कोणाच्याही हाती देऊ नका. शाखेतही पोच घेतल्याशिवाय नको.

तिलकनगरचे वकील

काकांनी बँकेचे सांगितले, ते बरोबर आहे. शेअरांविषयी आणि वारसांविषयी मला लिहायला हवे, कारण वारसांच्या बाबतीत तुमची गणती चुकली आहे.

आधी शेअर. एखाद्या शेअरवरचा लाभांश सलग सात वर्षे कोणी घेतला नाही, तर कंपनी कायदा २०१३ च्या कलम १२४ प्रमाणे तो लाभांश आणि तो शेअर, दोन्ही गुंतवणूकदार शिक्षण व संरक्षण निधीत, म्हणजे आयईपीएफमध्ये जातात. तसे करण्यापूर्वी कंपनीला वर्तमानपत्रात सूचना द्यावी लागते आणि अशा भागधारकांची नावे आपल्या संकेतस्थळावर ठेवावी लागतात. त्या संस्थेने जो ‘शोध’ लावला आहे, तो बहुधा या उघड यादीतून. कंपनीचे नाव त्यांनी झाकून ठेवले आहे, कारण त्यांच्याकडे विकण्यासारखे तेवढेच आहे, आणि ते तर तुमच्या पेटीतल्या दाखल्यावर छापलेले निघाले.

काम असे चालते. आधी कंपनीच्या रजिस्ट्रारकडे, म्हणजे तिच्या भागधारकांची नोंद ठेवणाऱ्या संस्थेकडे, मृत्यूचा दाखला, वारसांचे कागद आणि मूळ दाखले देऊन वारसांचा हक्क मान्य करून घ्यायचा आणि तसे पत्र मिळवायचे. मग आयईपीएफ-५ हा अर्ज ऑनलाइन भरायचा, त्याची छापील प्रत, क्षतिपूर्ती बंधपत्र आणि इतर कागद कंपनीच्या नोडल अधिकाऱ्याकडे, म्हणजे या दाव्यांसाठी नेमलेल्या अधिकाऱ्याकडे, पाठवायचे. कंपनी पडताळणी करून आयईपीएफच्या प्राधिकरणाला अहवाल देते आणि नंतर शेअर दावेदाराच्या डिमॅट खात्यात येतात. अर्जाला शुल्क नाही आणि मुदतीचे बंधन नाही. वेळ मात्र लागतो, आणि सहीत किंवा नावात फरक असेल तर कागद परत येतात. मधल्या काळात कंपनीने बोनस दिला असेल किंवा शेअरचे विभाजन केले असेल, तर दाखल्यावरचे पन्नास शेअर आज कितीतरी पट झालेले असू शकतात. टक्केवारीवर करार करण्यातला धोका इथेच आहे : काम तेवढेच, पण मोबदला बाजारभावावर चढत जातो.

कागदी शेअरांची किंमत एका कंपनीमागे ५ लाखांपर्यंत असेल, तर शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीच्या नियमांप्रमाणे वारसाहक्क प्रमाणपत्राशिवाय सोप्या कागदांवर काम होते. त्यावर असेल तर भारतीय उत्तराधिकार अधिनियम १९२५ च्या कलम ३७२ खाली इथल्या जिल्हा न्यायालयात अर्ज करावा लागेल, कारण आत्याचे राहणे इथले होते. हे प्रमाणपत्र येणी आणि रोखे यांच्यापुरते असते. घर किंवा दागिने त्यात येत नाहीत.

आता वारस. अविवाहित हिंदू स्त्री मृत्युपत्र न करता वारली आणि तिचे आईवडील आधीच गेलेले असले, तर हिंदू उत्तराधिकार अधिनियम १९५६ च्या कलम १५ आणि १६ प्रमाणे तिची मिळकत तिच्या वडिलांच्या वारसांकडे जाते, जणू ती वडिलांचीच मिळकत होती आणि वडील तिच्यामागोमाग वारले. म्हणून तुमच्या आजोबांची सगळी मुले मोजा, आणि आधी गेलेल्या प्रत्येक मुलाची व मुलीची शाखाही. आत्याला आणखी बहीण होती का? असल्यास तिची मुले कोठे आहेत? आणि तुमच्या आई व काकू हयात आहेत का? ही उत्तरे मिळाल्याशिवाय कोणत्याही अर्जावर ‘आम्ही तिघेच’ असे लिहू नका. ते खोटे प्रतिज्ञापत्र ठरेल.

रामबागवाली

वकीलसाहेब, मी शरमिंदी झाले आहे. धाकटी आत्या ग्वाल्हेरला दिली होती. ती १९९८ मध्ये वारली. तिला एक मुलगा आणि एक मुलगी, पण आमचे येणे-जाणे वीस वर्षांपासून नाही. माझी आई आहे, काकूही आहेत. मोठ्या आत्याचे पैसे म्हणजे ‘आपल्या घरचे’, असे मी गृहीत धरून बसले होते.

तिलकनगरचे वकील

शरमण्यासारखे काही नाही. दहांतल्या आठ घरांत हेच होते. चित्र असे दिसते. मोठ्या आत्या सोडून आजोबांच्या तीन अपत्यांच्या तीन शाखा, प्रत्येकीला एक तृतीयांश. तुमचे वडील २००९ मध्ये हयात होते, म्हणून त्यांचा हिस्सा त्यांच्याकडे आला आणि नंतर तुमची आई, तुम्ही आणि भाऊ यांच्यात प्रत्येकी एक नवमांश झाला. काका आधीच गेले होते, म्हणून त्यांच्या शाखेचा हिस्सा काकू आणि त्यांचा मुलगा यांच्यात निम्मा-निम्मा. ग्वाल्हेरच्या आत्याचा हिस्सा तिच्या मुलाला आणि मुलीला, प्रत्येकी एक षष्ठांश. तिच्या यजमानांना यात हिस्सा नाही. म्हणजे सात वारस, तीन नव्हेत.

इंग्लंडमध्ये वारस न सापडलेल्या मिळकतींची यादी सरकारच वर्षानुवर्षे प्रसिद्ध करत होते आणि वारस शोधून देण्याचा तिथे रीतसर व्यवसाय आहे. आपल्याकडे पैसा बँक, कंपनी, विमा अशा तीन-चार ठिकाणी विखुरलेला असतो. तो सापडणे सोपे झाले आहे, अवघड उरले आहे ते माणसे शोधून त्यांच्या सह्या गोळा करणे, आणि ते काम मुंबईच्या संस्थेपेक्षा तुम्ही चांगले कराल. अशा संस्था सगळ्याच वाईट असतात असे माझे म्हणणे नाही. दाखले हरवलेले असले, वारस चार देशांत पांगलेले असले, तर मदतीचे मोल द्यावे. पण ते ठरावीक शुल्क असावे, टक्केवारी नव्हे, आणि मुखत्यारपत्र तर मुळीच नको. धर्मादायाविषयी एवढेच म्हणतो की, तो भाग तुमच्याच २० टक्क्यांतून जाणार आणि पुण्य त्यांच्या नावावर लागणार.

आत्याचे पत्र मात्र मृत्युपत्र ठरत नाही. मृत्युपत्राला लिहिणाऱ्याची सही आणि किमान दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात.

गिरणगावचा नातू (परदेशीपुरा)

नावातल्या फरकाविषयी एक गोष्ट. इंदूरची हुकुमचंद कापड मिल १९९२ मध्ये बंद पडली आणि कामगारांच्या थकलेल्या देण्यांचा २२४ कोटींचा धनादेश डिसेंबर २०२३ मध्ये निघाला. सुमारे ४,८०० कामगारांचा प्रश्न होता, त्यांतले कितीतरी तोवर वारले होते. आमच्या आजोबांचे नाव मिलच्या कार्डावर एक, रेशनकार्डावर दुसरे आणि मृत्यूच्या दाखल्यावर तिसरे होते. प्रतिज्ञापत्रे करून निस्तरले, पण चार महिने गेले. ताई, आत्याचे सगळे कागद आज एका ओळीत मांडून नावे जुळतात का ते पाहा, आणि विम्याची पॉलिसी असेल तर आधी तिच्याकडे वळा. विम्याची न मागितलेली रक्कम दहा वर्षांनी ज्येष्ठ नागरिक कल्याण निधीत जाते आणि तिथून पुढे २५ वर्षांत कोणी आले नाही तर ती खरोखरच सरकारची होते.

खजिनदार (शिक्षण न्यास, इंदूर)

आत्यांच्या त्या एका ओळीविषयी लिहितो, कारण अशा देणग्या घेण्याचे काम मी बारा वर्षे केले आहे. क्रम बदलू नका. आधी पैसे सातही वारसांच्या नावे रीतसर येऊ द्या, मग ज्याने त्याने आपापल्या हिश्श्यातून द्यावे. एखाद्याला द्यायचे नसेल, तर तो त्याचा हक्क आहे, आणि पत्राचा धाक घालून त्याची सही मिळवली तर ती देणगी घेताना आमच्यासारख्यांनाच अवघड वाटते.

स्वतंत्र न्यास काढण्याचा मोह होतो, तो आवरा. मध्य प्रदेश सार्वजनिक न्यास अधिनियम १९५१ खाली नोंदणी, दरवर्षीचे हिशेब, लेखापरीक्षण हे सगळे पाच-सात लाखांच्या रकमेला पेलत नाही. त्यापेक्षा चालू असलेल्या नोंदणीकृत न्यासाला कायम निधी म्हणून द्या आणि सोबतच्या पत्रात लिहा की मुद्दल मोडू नये, व्याजातूनच मुलींची फी भरावी, आणि वर्षाअखेर किती मुलींना किती दिले हे देणगीदारांना कळवावे. पाच लाखांवर सात टक्के धरले, तर वर्षाला ३५,००० रुपये होतात. आमच्याकडच्या हिशेबाने त्यात चार-पाच मुलींची वर्षाची फी निघते.

दोन अडचणी आधीच सांगतो. देणगीवरची ‘८०-जी’ म्हणून ओळखली जाणारी आयकर सवलत जुन्या करपद्धतीतच मिळते आणि २,००० रुपयांपेक्षा जास्त रोख देणगीला ती नाही. दुसरे, कॅनडातल्या भावाने तिथले नागरिकत्व घेतले असेल, तर त्याने रुपयांत दिलेली देणगीसुद्धा परकीय देणगी ठरते आणि तिच्यासाठी न्यासाकडे परकीय अंशदान कायद्याखालची नोंदणी लागते. तो अजून भारतीय नागरिक असेल, तर हा प्रश्न येत नाही. एवढे त्याला आधीच विचारून घ्या.

रामबागवाली

आपणा सर्वांची मी ऋणी आहे. झाले ते कळवते. ‘उद्गम’वर तिसऱ्या स्पेलिंगला खाते सापडले. संस्थेला नकार कळवला. चुलतभावाने कॅनडाचे नागरिकत्व घेतलेले आहे, म्हणून त्याच्या हिश्श्याचे काय करायचे ते सीएंना विचारणार आहोत. ग्वाल्हेरच्या आतेभावाचा नंबर तिथल्या लष्कर नावाच्या भागातल्या एका जुन्या शेजाऱ्यांकडून मिळाला. मी शेअरांचे सांगितले, तर तो थोडा वेळ गप्प राहिला आणि मग म्हणाला की मावशीने त्याच्या बहिणीच्या कॉलेजची फी तीन वर्षे भरली होती, हे आमच्यापैकी कोणालाच ठाऊक नव्हते. सही द्यायला ते दोघे येत्या रविवारी इंदूरला येत आहेत. त्याने एकच अट घातली आहे की, देणगीचे पत्र लिहायला घेऊ तेव्हा त्याच्या बहिणीलाही बोलवावे.